गाडीची हजेरी

मंगळवारी दुपारी वडिलांचा फोन आला तेव्हा ती 'उबरा' या शब्दापाशी अडली होती. जुळणी करणाऱ्याने अनुस्वार गाळला होता आणि वाचता वाचता तिला दारातच ठेच लागल्यासारखं झालं होतं. पेन्सिलीने टिंब देऊन, समासात खूण करून तिने फोन उचलला. "काय पलीकडच्या बाई," वडील म्हणाले, "रविवारी मोकळ्या आहात का?" या नावाने त्यांनी तिला पंचवीस वर्षांत हाक मारली नव्हती. "कशाला?" तिने विचारलं. "गाडी बघायचीय. मामाच्या पोरीसाठी. मामाचा स्वतःचा फोन आला होता काल." 'स्वतःचा' या शब्दावर त्यांनी असा जोर दिला, जशी इतर माणसं दुसऱ्याच्या तोंडाने फोन करतात. "तुम्ही हो म्हणालात?" "म्हणजे काय! पण मला आता खाली वाकवत नाही गं. पलीकडे कुणीतरी लागतं." समोरच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं आणि प्रत्येक फटक्याचा आवाज सतरंजी खाली आल्यावर, जरा उशिराने ऐकू येत होता. "बघते," ती म्हणाली. "रविवारी प्रुफं आहेत." "बघ," ते म्हणाले. मग नळाचा वॉशर बदलल्याचं सांगितलं, आईने तिच्या शाळेच्या वह्या रद्दीत काढल्या होत्या आणि आपण त्या गुपचूप परत माळ्यावर चढवल्या हे सांगितलं, आणि शेवटी नेहमीसारखं विचारलं, "ठेवू?" "ठेवा," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना बूट घालायला ते खाली वाकले आणि वर उठलेच नाहीत. पुढचे दिवस पाण्याखालून बघितल्यासारखे गेले. माणसं आली, बसली, गेली. आई प्रत्येकाला तोच तो प्रसंग पहिल्यापासून सांगायची, डावा बूट घातला होता, उजव्याची लेस हातात होती. आणि प्रत्येक वेळी सांगताना ती उजव्याच्या लेसपाशी आली की मुलीला वाटायचं, या खेपेला कदाचित ते गाठ मारतील. रात्री डोळे मिटले की 'ठेवा' हा शब्द यायचा. त्याचे दोन्ही अर्थ तिला धंद्याने ठाऊक होते आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत कुठेतरी तिला झोप लागायची. ती कामावर परत गेली. प्रुफं वाचताना प्रत्येक अक्षर जागच्या जागी दिसू लागलं, आणि हे चांगलं लक्षण नाही हे तिला कळत होतं. प्रुफं वाचणाऱ्याला सगळं बरोबर दिसायला लागलं की समजावं, तो वाचतच नाहीये.

तिसऱ्या आठवड्यात मामाचा फोन आला. "गाडी अजून तिथेच आहे," तो म्हणाला. "गाडीचा मालक आहे ना, शिंपी, तो थांबलाय आपल्यासाठी. भावोजी म्हणाले होते, तू येणार आहेस म्हणून." ती 'बघते' म्हणाली होती. त्यांनी पुढे 'येणार आहे' असं कळवलं होतं. "येते," ती म्हणाली.

रविवारी ती चालतच निघाली. सकाळचं ऊन अजून भिंतींच्या वरच्या भागावरच होतं, खाली रस्त्यावर गार निळसर सावली होती, आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रत्येक मोटरसायकलकडे तिची नजर आपोआप जात होती. एकीच्या व्हॉल्व्हची टोपी नाही, एकीच्या पायठेवणीचं रबर नाही, एकीचं बाजूचं झाकणच नाही आणि आतली बॅटरी गंजिफ्रॉकातल्या म्हाताऱ्यासारखी उघडी पडलेली. इतक्या वर्षांत तिने हे बघायचं कटाक्षाने टाळलं होतं. वडील पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते, यंत्रांशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण गल्लीत कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की लोक त्यांना घेऊन जायचे. त्यांना सगळे हजेरीमास्तर म्हणत. मेकॅनिक लोक गाडी चालू करून इंजिनचा आवाज ऐकायचे, धूर बघायचे. वडील गाडी चालूच करू द्यायचे नाहीत. "आहे ते विकणारा दाखवतोच की," ते म्हणायचे. "आपण नाही ते बघायला आलोय." मग ते गाडीच्या एका बाजूला उकिडवे बसायचे आणि दुसऱ्या बाजूला तिला बसवायचे. शाळेत मास्तर मुलांची नावं घेतात तशी ते गाडीच्या एकेका भागाची नावं घ्यायचे, पुढून मागे, वरून खाली, कधीही क्रम न बदलता, आणि पलीकडून तिने 'आहे' नाहीतर 'नाही' म्हणायचं. आरसा? आहे. आरशाची चकती? आहे. चेनच्या झाकणाचा मागचा स्क्रू? नाही. तिने 'नाही' म्हटलं की वडिलांचा चेहरा खुलायचा. चाकाच्या आऱ्यांमधून तिला तो तुकड्यातुकड्याने दिसायचा, एक डोळा, कानाची पाळी, कानावर खोचलेली पेन्सिल. त्या पेन्सिलीने ते एकेका आऱ्यावर टिचकी द्यायचे आणि सगळे आरे वेगवेगळ्या स्वरात वाजायचे. तिला तेव्हा वाटायचं की जगातली प्रत्येक वस्तू अशी आपल्या नावाची वाट बघत बसलेली असते, आणि कुणी पुकारलं नाही तर हळूच निसटून जाते.

शेवटच्या हजेरीच्या दिवशी ती बारा वर्षांची होती. गाडी मामासाठी बघायची होती. मामा तेव्हा उंच इमारतींवर पाट्या रंगवायचा. परांचीवर बसून, दोरांनी खाली सोडलेला, एकेक अक्षर माणसापेक्षा मोठं. तिला अक्षरांचं वेड त्यानेच लावलं होतं. खाली उभी राहून ती ओरडायची, "मामा, वेलांटी राहिली!" आणि तो वरून ब्रश हलवायचा. त्या दिवशी तिने बरोबर पुस्तक आणलं होतं. वडिलांची ना नव्हती. बोट घालून मिटायचं, नाव पुकारलं की बघायचं, सांगायचं आणि परत उघडायचं. पण शेवटची आठ पानं उरली होती. गोष्टीत एक माणूस बर्फात हरवला होता आणि घरातल्यांनी त्याच्यासाठी खिडकीत दिवा ठेवला होता. मामा आत गाडीच्या मालकाशी कागदपत्रांचं बोलत होता. अलीकडून वडिलांचा आवाज आला, "मागच्या ॲक्सलची पिन?" मागचं चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याचा नट पलीकडच्या बाजूला असतो, आणि तो सैल होऊ नये म्हणून त्यातून केसांच्या पिनेसारखी दुमडलेली एक तार आरपार घातलेली असते. त्या माणसाला लांबून दिवा दिसला होता. "आहे," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी एका वळणावर चाक निखळलं. मामाचा गुडघा कायमचा गेला. परांचीवर परत कधी चढता आलं नाही; तो घरी बसून नंबरप्लेटा आणि दारावरच्या पाट्या रंगवू लागला, अक्षरं मांडीवर मावतील एवढी झाली. इस्पितळाच्या खोलीत तो वडिलांना म्हणाला होता, "भावोजी, तुमच्या 'आहे'वर मी पाय ठेवला हो." वडील म्हणाले, "माझी नजर चुकली." ती दाराशी उभी होती. तिला वाटलं, आता ते तिच्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. घरी येतानाही बघितलं नाही. नेहमीसारखा रस्ता ओलांडताना तिचा हात धरला आणि ओलांडल्यावर सोडला. त्यानंतर त्यांनी कधी हजेरी घेतली नाही. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचे, "नजर गेली हो." मामाने घरी येणं सोडलं. आई सणावारी एकटीच भावाकडे जाऊन यायची. फक्त दरवर्षी मुलीच्या वाढदिवसाला मामाकडून एक पुठ्ठा यायचा, त्यावर तैलरंगात एकच अक्षर, कधी ठसठशीत, कधी नाजूक, सावली दिलेलं. तिला ते समोर धरवत नसे. ती ते कपाटामागे सारायची. एवढ्या वर्षांत वडिलांशी बोलायच्या कितीतरी वेळा आल्या. प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर, वीज गेली असताना अंधारात. प्रत्येक वेळी वाक्य तयार असायचं, कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी. आणि प्रत्येक वेळी वडीलच काहीतरी साधं विचारायचे, पाणी देऊ का, थंडी वाजते का, आणि वाक्य परत आत जायचं. पुढे पुढे तिला वाटू लागलं की ते मुद्दामच विचारतात.

शिंप्याचं दुकान एका बोळाच्या तोंडाशी होतं आणि मागे छोटं अंगण. मामा आधीच पोहोचला होता, एका स्टुलावर पाय लांब करून बसलेला. वडिलांच्या दिवसांतल्या गर्दीत तिने त्याला नीट बघितलंच नव्हतं; तो म्हातारा झाला होता. डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा दोन बोटं जाड होता. तिला बघून तो उठायला लागला. "बस रे मामा," ती म्हणाली. "बसून बसूनच दिवस गेले," तो म्हणाला, "उठू दे जरा." आणि उठून त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला टर्पेंटाइनचा वास होता. तिला एकदम बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. मामेबहीण दोरीवर वाळत घातलेल्या अस्तराच्या कापडांमधून वाट काढत पुढे आली. एका प्रयोगशाळेत तिला पाळीची नोकरी लागली होती, भल्या पहाटे जावं लागायचं. "ताई, बाबा म्हणतात तू गाडीची हजेरी घेतेस. माझी घेऊ नकोस म्हणजे झालं."

शिंप्याने गाडीला खास खोळ शिवली होती, काज-बटणांची, आरशांना दोन बाह्या असलेली. तो एकेक बटण काढू लागला. "एकाच हातची आहे," तो म्हणाला. "मी आणि माझी बायको, बस. तिसरं माणूस बसलेलं नाही." "दोन हातची झाली मग," मामा म्हणाला. शिंपी हसला. खोळ उतरली तशी गाडी झोपेतून उठवल्यासारखी दिसली, गडद हिरवी, टाकीवर दोरीवरच्या कापडांचे लाल-निळे डाग हलत होते. पुढच्या दुकानात कुणीतरी मशीन चालवत होतं. टाके धावायचे, थांबायचे, परत धावायचे. पेट्रोलचा आणि इस्त्रीच्या वाफेचा वास एकमेकांत मिसळला होता. ती गाडीच्या अलीकडे उकिडवी बसली आणि मग लक्षात आलं की ही बाजू तिची नव्हे. पण पलीकडे मामेबहीण जाऊन बसलीही होती, आऱ्यांमधून तिचा एक डोळा आणि नाकातली चमकी दिसत होती. "बोल," ती म्हणाली.

वडिलांची यादी कुठे लिहिलेली नव्हती. तिला वाटत होतं, आठवणार नाही. तिने तोंड उघडलं आणि यादी आपोआप बाहेर येऊ लागली, क्रमाने, त्यांच्याच चालीत, प्रत्येक नावाच्या शेवटी किंचित वर जाणारा सूर घेऊन. ती बोलत होती की कुणी बोलवून घेत होतं, कळेना. "उजवा आरसा?" "नाही," मामेबहीण म्हणाली. शिंपी खोकला. "तो आत आहे. गिऱ्हाइकाला पाठ बघायला लावलाय. देतो काढून." "बॅटरीचा पट्टा?" "ताई, इथे नाडी बांधलीय. परकराची." "इलास्टिक आहे ते," शिंपी दुखावून म्हणाला. "पट्ट्यापेक्षा टिकतं." मामा पोट धरून हसत होता. "हत्यारांची पिशवी?" "पिशवी आहे. आत पाना नाही." पाना शिंप्याच्या टेबलावर होता, कापड उडू नये म्हणून ठेवलेला. एअर फिल्टर, आहे. मधल्या स्टँडची स्प्रिंग, आहे. ब्रेकच्या दांडीचा नट, आहे. मशीन धावत होतं, थांबत होतं. 'आहे' आणि 'नाही' अंगणात एखाद्या झोक्यासारखे येत-जात होते आणि तिला वाटलं, हे असंच चालू राहावं, यादी संपूच नये. कारण जोवर नावं पुकारली जात आहेत तोवर वडील कुठेतरी जवळ बसलेले आहेत, वळून बघितलं तर नसतील, पण न वळलं तर आहेत. ऊन सरकून टाकीवर आलं. तिने पुढचं नाव घ्यायला श्वास घेतला आणि पुढचं नाव ते होतं.

"मागच्या ॲक्सलची पिन?"

"आहे," मामेबहीण म्हणाली. लगेच म्हणाली. फार लगेच म्हणाली.

ती उठली. गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या. गाडीला वळसा घालून ती पलीकडे गेली, मामेबहिणीच्या शेजारी मातीत बसली, मान वाकडी करून बघितलं, आणि बघूनही खात्री पटेना म्हणून बोट घातलं. तार होती. दोन्ही टोकं नीट दुमडलेली, थंड, किंचित तेलकट. तिने टोकावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "आहे म्हटलं ना, ताई," मामेबहीण म्हणाली, जराशी रागावून. "मी बघितलं होतं." "हो गं," ती म्हणाली. तिचं बोट निघेना.

"रागावू नकोस तिच्यावर," मामा मुलीला म्हणाला. आवाज मऊ झाला होता. "हिची नजर आहेच तशी. लहानपणापासून. तुला सांगितलं नाही का मी? माझी गाडी बघायला हे दोघे गेले होते तेव्हा ही एवढीशी होती, आणि हिनेच सांगितलं होतं, पिन नाही म्हणून."

तिने वर बघितलं.

"भावोजींनीच सांगितलं मला," मामा म्हणाला. "इस्पितळात. तू दाराशी होतीस, मग आईने तुला बाहेर नेलं, तेव्हा. म्हणाले, पोरीने नाही म्हटलं होतं, मीच ऐकलं नाही. मला ऐकूच आलं नाही, म्हणाले. रडले माझ्यासमोर." त्याने लांब केलेल्या पायावरून हात फिरवला. "तेच मला सोसेना बघ. चूक कुणाचीही होते. पण पोर सांगतेय आणि बाप ऐकत नाही? पंचवीस वर्षं त्या एका गोष्टीवर मी अडून बसलो. शेवटी म्हटलं, पुरे. मग त्या सोमवारी फोन केला तर पहिलं काय म्हणावं त्यांनी? तिला घेऊन येतो, तिची नजर माझ्यापेक्षा पक्की. म्हटलं, भावोजी, तेव्हाच तिचं ऐकायला हवं होतं तुम्ही. तर म्हणाले, हो रे, ऐकायला हवं होतं." त्याने मान खाली घातली. "फार कठीण बोललो का मी? दोन दिवसांनी माणूस गेला. तेवढं एक मनाला लागून राहिलंय."

पुढच्या दुकानातलं मशीन थांबलं होतं. दोरीवरची कापडं हलत नव्हती. कपाटामागचे पुठ्ठे तिला एकामागून एक दिसत गेले, पंचवीस अक्षरं, प्रत्येकाला काळजीने दिलेली सावली. ती ज्या मुलीसाठी रंगवली होती ती कधी नव्हतीच. ती मुलगी वडिलांनी इस्पितळातल्या दहा-पंधरा मिनिटांत तयार केली होती आणि मग जन्मभर सांभाळली होती, तिच्यापासूनही लपवून. म्हणूनच पाणी देऊ का, थंडी वाजते का. आता काही न बोलता उठलं तरी चालणार होतं. मामाने फोन केला होता, मामा हसला होता, डोक्यावर हात ठेवला होता. आईला भाऊ परत मिळाला होता. वडिलांनी ही गोष्ट इतकी घट्ट बांधून ठेवली होती की ती सोडली तर काय काय निखळेल, सांगता येत नव्हतं. आणि मामेबहीण तिच्याकडे विश्वासाने बघत होती, पहाटेच्या अंधारात या चाकांवरून जाणारी. मामा मान खाली घालून बसला होता, मेलेल्या माणसाला कठीण बोलल्याचं ओझं घेऊन. बाप पोरीचं ऐकत नाही, असं त्यांच्याबद्दल कायमचं ठरवून.

तिने तारेवरचं बोट काढलं. वाक्य तयार नव्हतं. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, काही ठाऊक नव्हतं.

"मामा," ती म्हणाली. आवाज अंगणात अनोळखी वाटला. "बाबांनी माझं ऐकलं होतं. पिन आहे का म्हणून त्यांनी विचारलं, नीट विचारलं, मोठ्याने. मी 'आहे' म्हणाले. मी पुस्तक वाचत होते, मामा. मी बघितलंच नव्हतं."